म्हशीपाशी थांबायचं होतं

"चार मानसं गेली तर आमच्या गावात उरलं काय, बुवा?" महिपती कणीक मळता मळता म्हणाला.

नांदखेलच्या भैरोबाच्या देवळामागे एक ओवरी आहे, तिथे आम्ही दोघे बसलो होतो. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापली म्हणजे नाद भरून येतो. ती कणीक महिपती स्वतः मळायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. पिंपरवळचा गुरव तो, वय पंचविशीच्या आतबाहेर. सहा वर्षं माझ्या कीर्तनात मागे मृदंग घेऊन उभा होता. मी श्वास कुठे घेणार हे माझ्याआधी त्याला कळायचं.

"मोजलीस का?" मी विचारलं.

"मोजायला हाय काय त्यात? अकरा घरं. त्यात काठी टेकनारं सोडलं, ल्हान सोडलं, तर धडधाकट गडी पाच. त्यातलं चार दिलं की पाचवा उरला. त्यानं अकरा घरची रानं वढायची आन सांजचं अकरा घरच्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या." तो हसला. हसताना त्याची मान डाव्या खांद्याकडे जायची, वाजवताना जायची तशीच. "बुवा, मी म्हंतो तो पाचवा मीच हुतो. पन आमचा चुलता, तात्या, मला ऱ्हाऊ देतोय व्हय."

"कुणीच जाणार नाही," मी म्हणालो. "तू कणीक घट्ट मळ."

ही गोष्ट एकोणीसशे सोळा सालची. चैत्र होता, त्या दिवशी भैरोबाची यात्रा होती, आणि विलायतेच्या लढाईला माणसं हवीत म्हणून मामलेदार स्वतः नांदखेलला आले होते. बरोबर पलटणीतला एक हवालदार होता. मागणी नांदखेलकडे होती, फक्त चार माणसांची. दोनशे उंबऱ्यांच्या गावाला चार माणसं म्हणजे काहीच नव्हे. पण नांदखेलच्या मागे बेलभंडार होता.

तो असा. पेंढाऱ्यांची धाड यायची त्या काळी नांदखेल, घोटवाडी आणि पिंपरवळ या तीन गावांनी भैरोबापुढे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतली होती. एका गावाची माणसं हत्यार धरून वेशीबाहेर पडली, तर दुसऱ्या दोन गावांनी तेवढीच माणसं त्यांच्या मागे द्यायची. नांदखेलने तेव्हाच म्हटलं होतं म्हणे, पिंपरवळ लहान आहे, त्यांनी एक दिला तरी पुष्कळ झालं. पिंपरवळचे म्हातारे भर सभेत उठून चालू लागले. आमचा मान कमी का? देवापुढे आम्ही पाव आण्याचे का? शेवटी त्यांचीच समजूत घालून 'तेवढीच' हा शब्द शपथेत घातला गेला. पेंढारी गेले, पेशवे गेले, तो शब्द राहिला. हवालदाराला हे सगळं ठाऊक होतं. सकाळी चावडीवर तंबाखू मळत तो मामलेदारांना म्हणाला, ते मी या कानांनी ऐकलं, "रावसाहेब, हितं चार वढलं की बारा येत्यात."

नांदखेलचे पाटील हैबतराव धुमाळ. मोठा माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. कीर्तनाआधी तासभर ते ओवरीत येऊन माझ्याजवळ टेकले. महिपतीला म्हणाले, "जा रं, जरा पानी आन." तो गेल्यावर म्हणाले,

"बुवा, माझी चार पोरं तयार हायती. त्यांना पागोटं आन बंदूक पायजे, त्यांचं काय. पन मी चार दिलं तर पिंपरवळ मरतंय. मला नाय म्हनायचं हाय."

"मग म्हणा."

"मी एकल्यानं म्हनलं तर मामलेदार म्हनंल पाटील फितूर झाला. गावानं म्हनाय पायजे. सभा म्हनली नको, तर मी हात जोडून रावसाहेबास्नी म्हनंन, सरकार, रयत तयार न्हाई, माझा इलाज न्हाई. जबरदस्ती न्हाई असं त्यांनीच सकाळी सांगितलंय. तुमी लोकांची मनं तशी करा. तुमच्या जिभंवर देव हाय."

मामलेदारांनीही मला बोलावून सांगितलं होतं, "बुवा, सरकार का लढतं आहे ते या लोकांना समजेल असं सांगा." म्हणजे दोघांनी एकच काम सांगितलं होतं, फक्त दोन टोकांनी. मी मनात ठरवलं होतं काय करायचं ते. त्या गावांना एक गोष्ट पाठ होती, म्हशीची. मी तीच आख्यानाला घेणार होतो.

महिपती पाणी घेऊन आला. मी त्याला सांगितलं, "उत्तररंगात म्हशीची गोष्ट. म्हैस दारात आली की मी थांबणार. तू तिहाई घे आणि हात उचल. त्यापुढे एक अक्षर नाही. लगेच आरती."

"बरं."

"विसरू नकोस."

"मी कदी इसरलो, बुवा? तुमीच वाहवता."

उन्हं कलली तेव्हा कीर्तन उभं राहिलं. सभामंडप भरला होता. डाव्या अंगाला नांदखेल, उजवीकडे घोटवाडी, आणि अगदी पुढे, मानाच्या जागेवर, पिंपरवळ. अकरा घरांची माणसं ती, पण एक हात जागा रिकामी सोडून ऐसपैस बसलेली. महिपतीचा चुलता रावजीतात्या पहिल्या रांगेत. खांबाला टेकून त्याची आई, भागूआक्का. मामलेदारांना खुर्ची दिली होती, पण देवळात खुर्ची बरी दिसत नाही म्हणून ते घोंगडीवर बसले. एवढं मात्र त्यांचं मला आवडलं.

पूर्वरंगात मी लढाई सांगितली. चिपळ्या खाली ठेवल्या आणि गप्पा मारल्यासारखं बोललो.

"ऐका हो. ऑस्ट्रिया म्हणून एक राज्य आहे. त्यांचा युवराज मारला गेला. मारणारे कोण, तर शेजारच्या सर्व्हियाच्या बाजूचे. ऑस्ट्रिया चालून गेला सर्व्हियावर. सर्व्हिया केवढा, आपल्या पिंपरवळएवढा."

पिंपरवळने माना ताठ केल्या. लोक हसले.

"पण सर्व्हियाच्या पाठीशी होता रशिया. तो उठला. रशिया उठला म्हणून ऑस्ट्रियाचा पाठीराखा जर्मनी उठला. जर्मनी उठला म्हणून रशियाला शब्द दिलेला फ्रान्स उठला. फ्रान्सवर जायचं तर वाटेत बेल्जम लागतो. जर्मनी त्याचं शेत तुडवून गेला. त्या बेल्जमला इंग्रजांनी फार जुना शब्द दिलेला, म्हणून इंग्रज उठले. मग पलीकडून तुर्क उठला. युवराजाचं नाव आता कुणाच्या ध्यानातसुद्धा नाही."

"म्हंजे समद्यांनी बेलभंडार उचलला हुता," घोटवाडीचा एक म्हातारा बोलला.

"उचलला होता. प्रत्येकाने आपापल्या देवापुढे."

"आन आपन, बुवा? आपन कुनाचं?"

मामलेदार माझ्याकडे पाहत होते. मी हसून म्हणालो, "आपण इंग्रजांचे. आपण बेल कधी उचलला, भंडारा कुणी दिला, ते मात्र मला पोथीत कुठे सापडलं नाही."

मंडपात हशा उसळला. हवालदार हसला नाही. मामलेदारांनी ओठ मिटून घेतले. मला वाटलं, निम्मं काम झालं.

नामाचा गजर झाला, कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला. मी उत्तररंग धरला.

म्हशीची गोष्ट माझ्या वडिलांच्या वेळची. नांदखेलच्या एका माणसाची म्हैस घाटाखालच्या आंबेदऱ्याच्या रानात शिरली. आंबेदऱ्याने ती कोंडली. सोडवायला गेला त्याला दोन काठ्या बसल्या. नांदखेल उठलं, म्हणून घोटवाडी उठली, म्हणून पिंपरवळ उठलं. आंबेदऱ्याचेही कुणी सोयरे होते, तेही उठले. ओढ्यात दिवसभर कुऱ्हाडी चालल्या. आपल्या बाजूचे सात पडले. पलीकडचे किती, ते कुणी मोजले नाहीत. ओढ्याच्या काठाला सात चिता पेटल्या. आणि तिन्हीसांजेला, कोंडवाड्याचं दार कुणी सोडलं की लढाईच्या गोंधळात मोडलं देव जाणे, ती म्हैस आपली आपण चालत घरी आली. दारात उभी राहून हंबरली. धार काढायची वेळ झाली होती.

हे मी गाऊन सांगितलं. देवाशप्पथ सांगतो, तसा गळा मला पुन्हा कधी लागला नाही. म्हशीचं हंबरणं मी खर्जात घेतलं, आणि महिपतीने डाव्या हाताने पुडी अशी काही दाबली की मृदंगच हंबरला. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. नांदखेलच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "एका म्हशीपायी." दुसरा म्हणाला, "नको रं बाबा पुन्यांदा." हैबतराव पाटलांनी माझ्याकडे बघून नकळत मान हलवली. झालं होतं. सभा नको म्हणाली होती.

महिपतीने तिहाई घेतली आणि हात उचलले.

आणि मी चिपळ्या उचलल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अर्धी मात्रा गेली असेल. मग त्याचे हात पुडीवर आले, कारण बुवा गायला लागले की वाजवायचं, एवढंच सहा वर्षं तो शिकला होता.

मी त्या सात जणांची नावं घेतली. एकेक नाव, त्याचं गाव, कुठे वार लागला, काय म्हणून पडला. प्रत्येक नावाला चढता स्वर. पिंपरवळच्या माणसाचं नाव मी शेवटी ठेवलं, कारण शेवटच्या नावाला टीप लागते. तो रावजीतात्याचा बाप, महिपतीचा आजा. त्याच्या नावावर मी टिपेला गेलो आणि तिथेच थांबून राहिलो. खाली महिपतीने समुद्र उभा केला.

उतरलो तेव्हा मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग रावजीतात्या उठला. सत्तरीचा म्हातारा, गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. पुढे येऊन त्याने माझ्या पायांना हात लावला, आणि सभेकडे वळला.

"बुवांनी डोळं उघडलं," तो म्हणाला. "माझा बाप त्या वढ्यात पडला तवा आमच्या गावात नऊ घरं हुती. नऊ. तरी आमी मागं ऱ्हायलो न्हाई. पाटील, मला ठावं हाय तुमी का गप बसलायसा. आमच्यापायी. पिंपरवळाला झेपायचं न्हाई म्हून."

"तात्या, तसं न्हाई," हैबतराव उठत म्हणाले.

"तसंच हाय. समद्या गावाला ठावं हाय. आमची दया करताय. तुमच्या आज्यानं बी तेच केलं हुतं. पिंपरवळानं येक द्यावा म्हनं."

"तात्या, खाली बस. ही लढाई आपली न्हाई. बुवांनी काय सांगितलं त्ये ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं. सर्व्हिया आमच्यायेवढा. त्यो मागं हटला का?" त्याने भैरोबापुढच्या ताटातून चिमूटभर भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. "पिंपरवळचं चार. पयला माझा पुतन्या. आता नांदखेलनं काय करायचं ते नांदखेलनं बघावं."

खांबाजवळून भागूआक्का म्हणाली, "भावजी." एवढंच. मोठ्यांदा नाही. तात्याने ऐकलं नाही, की ऐकून घेतलं नाही.

आता नांदखेलला नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. अकरा घरांनी चार दिले आणि दोनशे घरं बसून राहिली, असं पुढे कोण ऐकून घेणार? पाटलांची पोरं आधीच उठून उभी राहिली होती. घोटवाडीचे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. मामलेदारांनी हवालदाराला नुसती खूण केली. आरतीची ताटं फिरत होती आणि त्याच उजेडात हवालदार बारा नावं लिहून घेत होता.

मी बोलू शकलो असतो. आरती अडवून म्हणू शकलो असतो की तात्या, तुम्ही उलटं ऐकलंत. पण लोक रांगेने माझ्या पाया पडत होते. पोटातून येऊन पडत होते. मी त्यांच्या कपाळाला बुक्का लावत राहिलो.

ओवरीत आलो तेव्हा महिपती सुरीने पुडीवरची कणीक खरवडत होता.

"म्हशीपाशी थांबायचं हुतं, बुवा," तो म्हणाला. रागाने नाही. ताल चुकला तर सांगावा तसा.

"महिपती, मी उद्या पाटलांशी बोलतो. हवालदाराशी बोलतो."

"बोला. पन तात्यानं देवापुढं भंडारा लावला. त्यो आता कोन पुसनार?" त्याने पुडी फडक्याने कोरडी केली. "लई ग्वाड म्हनलंत बाकी. माझा आजा कसा मेला ते मला आज कळलं. घरी कुनी असं सांगितलंच न्हवतं."

त्याने मृदंग माझ्याकडे सरकवला.

"मृदंग तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. वाजीवल्यावर कनीक काढत जावा, न्हाईतर रातीत उंदीर पुडी खात्यात."

वैशाखात बारा जण तालुक्याला गेले. भागूआक्का वेशीपर्यंत आली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "आक्का, लढाई लवकर संपेल असं म्हणतात." ती म्हणाली, "व्हय, बुवा." तिने मला एकाही शब्दाने दोष दिला नाही. तिला ठाऊकच नव्हतं की मी कुठे थांबणार होतो. महिपतीने ते तिला सांगितलं नव्हतं.

दीड वर्षाने कागद आला. पिंपरवळला वाचणारा कुणी नव्हता म्हणून पोस्टमनने तो माझ्याकडे दिला. मी उन्हात तीन कोस चालत गेलो. भागूआक्का अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. मला पाहून तिने हात थांबवला नाही. हातातली गोवरी पुरी थापली, मग म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. दोन ओळी होत्या.

"कुठं पडला?"

"बसऱ्याच्या वर, आक्का. तिकडे एक मोठी नदी आहे. तिच्या काठी."

"नदी कुनाची?"

"तुर्कांची."

"तुर्कांची काय म्हैस आनली हुती आपन?"

मला उत्तर द्यावं लागलं. भर उन्हात त्या अंगणात मी तिला ती साखळी पुन्हा सांगितली. ऑस्ट्रिया, सर्व्हिया, रशिया, जर्मनी, फ्रान्स, बेल्जम, इंग्रज, तुर्क. मंडपात ती घडाघडा आली होती. इथे एकेका नावापाशी जीभ अडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ह्यातलं महिपतीला कोन वळखत हुतं?"

"कुणी नाही, आक्का."

तिने हातांवरचं वाळलेलं शेण चोळून काढलं. मग म्हणाली, "बुवा, येक मागनं हाय. त्या सातांत आता माझ्या लेकाचं नाव घाला. तुमी त्याच्या आज्याचं म्हनलंत तसं. शेवटाला. उंच."

मी मान खाली घातली.

"यात्रंला म्हना. मी म्होरं बसंन."

त्या अंगणात मी तिला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज सांगतो. लोक आता माझ्याजवळ येऊन म्हणतात, बुवा, त्या दिवशी तुमच्या अंगात देव आला होता. देव नव्हता. म्हैस दारात आली, महिपतीने हात उचलले, आणि त्या क्षणाला मामलेदारांनी मान डोलावली. त्यांनी पुण्यामुंबईचे मोठमोठे हरिदास ऐकले होते. ते एवढंच म्हणाले, "वा." माझा गळा लागलेला होता. टीप बाकी होती. ती न लावता खाली बसणं माझ्याने झालं नाही. बारा घरांवर मी टिपेला गेलो.

यात्रा आली. भागूआक्का खांब सोडून पहिल्या रांगेत येऊन बसली. मी दुसरंच आख्यान लावलं. मागे मृदंग नव्हता, नुसती झांज होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं. आरतीनंतर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झालं का, बुवा?"

"झालं, आक्का."

ती गेली. पुढच्या वर्षी आली, त्याच्या पुढच्या वर्षीही आली. बाहेरगावच्या बुवांनी त्या लढाईवर पदं केली, त्यांत शूरांची नावं गुंफली. त्यांची कीर्तनं मी मोठ्या आवडीने ऐकायचो, पण नावं आली की उठून ओट्यावर जायचो. भागूआक्काला वाटे, बुवांना माझ्या लेकाचा मान करायचा नाही. तात्या मेला तेव्हा तिने मला निरोपसुद्धा धाडला नाही. तरी यात्रेला मात्र यायची. शेवटी तिची नजर गेली. हाताला धरून कुणीतरी तिला पहिल्या रांगेत आणून बसवायचं.

यंदा पुन्हा विलायतेत लढाई पेटली आहे. पुन्हा कुणीतरी कुणाला शब्द दिलेला होता. मागच्या पंधरवड्यात नवे मामलेदार येऊन गेले. तरुण आहेत, बोलायला गोड. म्हणाले, "बुवा, तुमचं ते सात वीरांचं आख्यान फार ऐकलंय. यात्रेला तेच लावा." मी म्हणालो, "गळा गेला, रावसाहेब." ते म्हणाले, "जमेल तसं म्हणा."

काल यात्रा झाली. मी म्हशीची गोष्ट लावली, चोवीस वर्षांनी. म्हैस दारात आली, हंबरली. मामलेदार पुढे सरकून बसले. गळा गेला नव्हता. टीप तिथेच होती, हात वर केला की लागेल अशी.

मी चिपळ्या खाली ठेवल्या.

पहिल्या रांगेतून तिचा आवाज आला, "झालं का, बुवा?"

"झालं, आक्का," मी म्हणालो, आणि आरतीला उभा राहिलो.